पटावरील पालक आणि घरातील माणसे

शाळेत नाव घालावयास येणाऱ्या मुलाबरोबर त्याचा बाप येतोच असे नाही. पाथरी तालुक्यातील कोणत्याही खेड्यात जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात शाळेच्या ओट्यावर जी माणसे मुलांचे बोट धरून उभी असतात, त्यांत आजी असते, चुलता असतो, मामा असतो, थोरली बहीण असते. प्रवेश-निर्गम नोंदवहीत मात्र 'पालकाचे नाव' असा एकच रकाना असतो आणि तेथे बापाचे नाव लिहिले की नोंद पुरी झाली असे समजले जाते. ती नोंद खोटी नसते. पण डिसेंबरात ते मूल आठ दिवस शाळेत आले नाही, तर चौकशी कोणाकडे करावयाची, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या रकान्यात मिळत नाही. बाप त्या वेळी दूरच्या एखाद्या जिल्ह्यात उसाच्या फडात असतो. मुलाला सकाळी उठविणारी, जेवू घालणारी व शाळेत धाडणारी व्यक्ती गावातच असते, परंतु तिचे नाव शाळेच्या दप्तरी कोठेही नसते.

कुटुंब म्हणजे काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. डॉ. इरावती कर्वे ह्यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेसंबंधांवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगताना छप्पर, चूल, मालमत्ता, कुलाचार आणि नाते ह्या सर्वांचा विचार केला आहे. जनगणनेचे काम केलेल्या शिक्षकांना ठाऊक आहे की, तेथे ह्यांपैकी चुलीला विशेष महत्त्व असते. जी माणसे सामान्यतः एकत्र राहतात व एका स्वयंपाकघरातले जेवतात, त्यांचे एक कुटुंब धरले जाते. तहसील कचेरीत सातबारावरील खाते पाहतात, स्वस्त धान्याच्या दुकानात शिधापत्रिका पाहतात. ह्याप्रमाणे प्रत्येक खात्याचे 'कुटुंब' निराळे असते, आणि एकाच ओसरीवर जेवणारी माणसे चार कागदांवर चार तऱ्हांनी विभागलेली आढळतात. शाळेला ह्यांपैकी कोणते कुटुंब हवे आहे? शाळेला मूल हवे आहे. म्हणून मूल जेथे निजते, जेवते व ज्याचे ऐकते, ते घर शाळेच्या दृष्टीने खरे घर होय. हे घर ओळखण्यात जातीवरून किंवा धर्मावरून बांधलेला अंदाज बहुधा चुकतो. तो का चुकतो, हे पाथरी भागातील निरनिराळ्या समाजांच्या राहणीवरून समजून घेता येते.

प्रथम शेतकरी कुटुंबाचे पाहू. तीन भावांच्या वाटण्या झाल्या आहेत, खातेफोड झाली आहे, शिधापत्रिका तीन आहेत. एवढे ऐकून हे घर फुटले असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात पाहावे तो औत-अवजारे एकत्र असतात, विहीर सामाईक असते, सालगडी एकाचा असला तरी राबतो तिघांकडे, आणि बैलपोळ्याला पुरणाचा नैवेद्य एकाच घरातून निघतो. उलट कागदोपत्री एकत्र असलेल्या कित्येक घरांत सासू-सुनांच्या चुली केव्हाच वेगळ्या झालेल्या असतात. कागदावरची फूट व मनाची फूट ह्यांचा मेळ बसतोच असे नाही. पुष्कळदा खातेफोड केवळ पीककर्जाच्या किंवा शासकीय साहाय्याच्या सोयीसाठी केलेली असते.

त्यातच आखाड्याची राहणी आली. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी ह्या भागात आल्यापासून बागायत वाढली. उसाला व गव्हाला पाणी रात्री-अपरात्रीही द्यावे लागते, वीजही बहुधा रात्रीच मिळते. मग एका भावाचे बिऱ्हाड गुराढोरांसह आखाड्यावर जाते, एक भाऊ गावातल्या घरी राहतो, आणि तिसरा परभणीस, पुण्यास किंवा आणखी कोठे नोकरीला असतो. आखाड्यावरील भावाची मुले शाळेसाठी गावातल्या घरी आजीजवळ राहतात आणि शनिवारी दुपारी आखाड्यावर जातात. सोमवारी ती उशिरा आली, तर तो आळस नसून ओढा ओलांडून येण्याचा प्रश्न असतो. अशा मुलाचे घर एक की दोन? आई-बाप आखाड्यावर, आजी व चुलती गावात, आणि वह्या-पुस्तकांचा खर्च कदाचित पुण्याच्या चुलत्याकडून. ह्या तिघांपैकी कोणालाही वगळले तर मुलाच्या शिक्षणाचा हिशेब जुळत नाही.

'एकत्र कुटुंबे मोडली' अशी हळहळ पारावर व भाषणांत नेहमी ऐकू येते. ती पुरती खरी नाही. गुजरातेतील महुवा ह्या गावाचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई ह्यांनी १९६४ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, वेगळ्या घरांत राहणारी माणसेही मालमत्ता, देणेघेणे व परस्परांवरील कर्तव्ये ह्या दृष्टीने एकत्र असू शकतात. ए. एम. शहा ह्यांनी १९७३ साली याच विषयावर लिहिताना, पूर्वीच्या खेड्यांत सर्वत्र मोठाली एकत्र कुटुंबेच नांदत होती ह्या समजुतीलाच हरकत घेतली. माणसे अल्पायुषी होती, तेव्हा तीन पिढ्या एका छपराखाली येण्याचा योगच अनेक घरांत येत नसे. आज आजी-आजोबा अधिक वर्षे जगतात, म्हणून नातवंडांना ते अधिक काळ लाभतात. जुन्या काळाविषयी बोलताना ही साधी गोष्ट विसरली जाते.

पाथरी हे गाव शतकानुशतके हिंदू व मुसलमान ह्या दोन्ही समाजांचे राहिलेले आहे. मुसलमान कुटुंबांच्या राहणीविषयी इतर शिक्षकांच्या मनात ज्या समजुती असतात, त्यांतील एक अशी की, त्यांच्यातही एकत्र कुटुंबाची मालमत्ता आपल्यासारखीच असते. कायद्याने तसे नाही. हिंदू एकत्र कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो. महाराष्ट्रात १९९४ च्या व देशभर २००५ च्या दुरुस्तीने तो मुलीलाही मिळाला. मुस्लिम कायद्यात जन्मतः हक्क ही कल्पनाच नाही. मालक निवर्तल्यावर वारसांचे हिस्से ठरतात, आणि भावाला जितके मिळते त्याच्या निम्मे बहिणीला मिळते. म्हणजे एकत्र राहण्याचे जे कारण कायद्याचे पंडित सांगतात ते येथे लागू पडत नाही. तरीही पाथरीच्या जुन्या मोहल्ल्यांत एका अंगणाभोवती चार भावांच्या चार खोल्या, एक आड, एक न्हाणी आणि एकच दरवाजा, अशी घरे दिसतात. ह्याची कारणे व्यवहारात आहेत: गावठाणातील जागेची टंचाई, सामाईक दुकान किंवा धंदा, आणि कमावता माणूस हैद्राबादेस, पुण्यास किंवा आखाती देशांत असता मागे राहिलेल्या बायकामुलांना लागणारा आधार.

येथे एक बाब शिक्षकाने विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. आजोबा हयात असताना बाप वारला व चुलते मागे असले, तर भारतातील सुन्नी मुसलमानांत प्रचलित असलेल्या हनफी कायद्यानुसार त्या नातवाला आजोबांचा वारसा पोहोचत नाही. आजोबा मृत्युपत्राने आपल्या मिळकतीच्या एक-तृतीयांशापर्यंत त्याला देऊ शकतात. पण पुष्कळांना हे ठाऊक नसते, किंवा ते राहून जाते. असे पोरके मूल चुलत्याच्या घरी वाढते तेव्हा ते हक्काने नव्हे तर मायेने वाढत असते, आणि हे त्या मुलाला फार लवकर उमजते. वहीसाठी पैसे मागताना ते अडखळले तर त्याला चारचौघांत कारण विचारू नये.

विवाहाच्या चालीनेही मुलाचे घर ठरते. मुसलमानांत चुलत भावंडांचे लग्न होऊ शकते. त्यामुळे मुलाचे आजोळ व वडिलांचे घर एकाच गल्लीत, किंबहुना एकाच अंगणात असण्याचा संभव असतो. मराठा व इतर अनेक मराठी भाषक समाजांत चुलत बहीण ही सख्ख्या बहिणीसारखी मानली जाते, परंतु मामाची मुलगी करण्याची चाल जुनी आहे. तेथे आजोळ दुसऱ्या गावी असले तरी नाते दुहेरी असते. बंजारा समाजात गोत्राचे नियम निराळे. म्हणून 'मूल आजोळी गेले' ह्या वाक्याचा अर्थ एका घरी पलीकडच्या ओसरीवर गेले असा होईल, तर दुसऱ्या घरी ते गोदावरी ओलांडून गेले असा होईल. पहिल्या बाबतीत ते उद्या शाळेत येईल. दुसऱ्या बाबतीत पोळ्यापर्यंत येणार नाही.

नात्याच्या शब्दांनी तर वर्गात नित्य घोटाळे होतात. दखनी उर्दू बोलणारे मूल 'मैं दादा के पास रहता' असे म्हणते, तेव्हा ते वडिलांच्या वडिलांविषयी बोलत असते. मराठी शिक्षकाला मात्र थोरला भाऊ डोळ्यांसमोर येतो. 'नाना' हा त्याच्या तोंडी आईचा बाप असतो, आणि मराठी घरात तो कोणीही मान्य वडीलधारा असू शकतो. मराठी मुलांचेही बोलणे कमी फसवे नसते. मोठ्या घरात मूल आपल्या बापाला काका-आत्यांचे ऐकून 'भाऊ', 'दादा' किंवा 'अण्णा' म्हणते, आईला 'वहिनी' म्हणते, आणि 'माय' हा शब्द आजीसाठी राखून ठेवते. 'माझी माय मेली' असे सांगणाऱ्या मुलाला जवळ घेऊन सांत्वन करावे, आणि दुसऱ्या दिवशी त्याची आई डबा घेऊन शाळेत यावी, असे प्रसंग शिक्षकांना नवे नाहीत. बंजारा मूल आईला 'याडी' म्हणते. हा एक शब्द शिक्षकाला येत असला तरी पहिलीच्या मुलाची भीड निम्म्याने कमी होते. जाता जाता एक सांगावयास हरकत नाही: 'चुलता' हा शब्द चुलीवरून आला असे अनेकांना वाटते. तो संस्कृतातील 'क्षुल्लतात', म्हणजे धाकटा बाप, ह्यापासून आला आहे. चुलत्याला बापाचा मान शब्दातच दिलेला आहे.

दोन धर्मांत विभागलेल्या एका कुटुंबाची कथा पाथरीच्या इतिहासातच आहे, आणि चौथीच्या वर्गात इतिहास शिकविताना ती सांगण्यासारखी आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ पाथरीच्या एका ब्राह्मण कुलकर्णी घराण्यात होते, असे इतिहासकार फरिश्ता लिहितो. त्या घराण्यातील एक मुलगा बहमनी सैन्याच्या हाती सापडला, मुसलमान झाला आणि पुढे मलिक हसन ह्या नावाने मोठ्या पदाला पोहोचला. त्याचा मुलगा मलिक अहमद हा निजामशाहीचा संस्थापक. तिसऱ्या पिढीत बुऱ्हाण निजामशहाने आपल्या पूर्वजांचे गाव म्हणून पाथरीची मागणी वऱ्हाडच्या इमादशहाकडे केली. त्याने ती नाकारली, आणि १५१८ च्या सुमारास निजामशाही फौजेने पाथरी घेतली. पाथरी हवी असण्याला राजकीय कारणे असतीलच. तथापि धर्म बदलून पिढ्या लोटल्यावरही मूळ गाव व भाऊबंद ह्यांचे नाव घेऊन युद्ध पुकारता येत होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

आता तांड्याकडे वळू. बंजारा समाज पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर फिरत असे. रेल्वे व सडका झाल्यावर तो व्यापार गेला आणि तांडे ठिकठिकाणी स्थिरावले. तांड्याची घरे लहान असतात. पुष्कळ तांड्यांत मुलाचे लग्न झाले की त्याला बापाच्या घराशेजारी वेगळे घर बांधून देतात. जनगणनेच्या हिशेबाने ही छोटी, सुटी कुटुंबे ठरतात. पण तांड्यातील ओळीने असलेली सात-आठ घरे पुष्कळदा एका आजोबांच्या वंशाची असतात, मुले कोणत्याही घरी जेवतात आणि भांडण झाले तर नायकाकडे जाते. छपरे अनेक व कुटुंब एक, असा हा प्रकार होय. अशा तांड्यात एका मुलाच्या घराला कुलूप दिसले म्हणून शिक्षकाने परत फिरू नये. शेजारच्या घरी विचारावे. बाहेरून आलेले काही शिक्षक बंजारा व वंजारी ह्यांची गल्लत करतात, म्हणून येथे नमूद करणे इष्ट आहे की हे दोन निराळे समाज आहेत. वंजाऱ्यांची बोली मराठी आहे, बंजाऱ्यांची गोरबोली.

ऊसतोडीचा प्रश्न कोणत्याही एका समाजाचा नाही. बीड व परभणी ह्या जिल्ह्यांतून बंजारा, वंजारी, मराठा, मातंग, बौद्ध अशा सर्व समाजांतील माणसे दिवाळीच्या मागेपुढे तोडणीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. ह्या कामाचे माप 'कोयता' हे आहे, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला देतो. एकट्याला 'अर्धा कोयता' म्हणतात आणि त्याची उचलही त्याच मानाने कमी असते. ह्या एका हिशेबाने कुटुंबाची रचना जितकी बदलते, तितकी ती कोणत्याही धर्मशास्त्राने किंवा कायद्याने बदलत नाही. जोडी फडावर गेली म्हणजे घरात दोन टोकांच्या पिढ्या उरतात, सासू-सासरे आणि नातवंडे. ज्या घरात म्हातारे कोणी नसते, तेथे मूल कोपीवर जाते. ज्या घरात आजी आहे पण तिला दिसत नाही, तेथे नऊ-दहा वर्षांची मुलगी मागे राहते ती शिकण्यासाठी नव्हे, तर आजीला व धाकट्या भावाला रांधून घालण्यासाठी. पटावर ह्या तिन्ही घरांचे वर्णन सारखेच असते: 'वडील शेतमजूर'.

आजीजवळ राहणे म्हणजे शाळा सुरळीत चालणे, असे शिक्षकाने गृहीत धरू नये. आजीचे वय, तिच्याजवळची नातवंडे किती, मागे ठेवलेले धान्य किती दिवस पुरेल, तिच्या औषधपाण्याला कोण आहे, ह्यांवर ते अवलंबून असते. चार मुलगे तोडीला गेले आणि दहा नातवंडे एका म्हातारीच्या गळ्यात पडली, तर ती शेवटी थकते आणि जानेवारीत निरोप धाडते की पोरे घेऊन जा. म्हणूनच शासनाने हंगामी वसतिगृहांची योजना काढली. वसतिगृहात नाव घालण्यासाठी यादी करताना मागे राहणारे मूल व मागे राहणारी आजी ह्या दोघांचाही विचार केला, तर निवड अधिक चांगली होते. ज्या मुलीवर घरच्या स्वयंपाकाचा भार पडणार आहे, तिचे नाव यादीत पहिले असावे.

येथे कायदा शिक्षकाच्या बाजूने आहे, आणि तो पुरेसा वाचला जात नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमात 'माता-पिता' आणि 'पालक' हे दोन निराळे शब्द आहेत. ज्या व्यक्तीकडे बालकाची देखभाल व ताबा आहे ती व्यक्ती पालक, असा त्या व्याख्येचा अर्थ आहे. न्यायालयाने नेमलेलाच पालक हवा, असे तीत नाही. नातवंडाला सहा महिने सांभाळणारी आजी ह्या अर्थाने पालक होय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद माता-पिता किंवा पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे तोच अधिनियम सांगतो. तेव्हा आजीला समितीवर घेण्यास काही आडकाठी नाही. ज्या गावातून निम्मे आई-बाप हंगामात बाहेर असतात, तेथे समितीची सभा नोव्हेंबर ते मार्च भरावयाची असेल तर आज्यांवाचून ती भरणारही नाही.

कुटुंबाची व्याख्या कागदावर आखूड झाली म्हणजे काय घडते, ह्याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत घडले. ओहायो राज्यातील ईस्ट क्लीव्हलंड नगरात इनेझ मूर ही कृष्णवर्णीय आजी आपला एक मुलगा व दोन नातू ह्यांच्यासह राहत असे. नातवांपैकी एक त्या मुलाचा होता, आणि दुसरा, जॉन, हा दुसऱ्या मुलाचा. जॉनची आई वारल्यावर तो आजीकडे आला होता. म्हणजे आपल्या भाषेत ही दोन चुलतभावंडे होत. नगरपालिकेच्या नियमात एका घरात कोणती नाती 'कुटुंब' म्हणून राहू शकतील ह्याची यादी होती, आणि तीत हा दुसरा नातू बसत नव्हता. आजीला त्याला घराबाहेर काढण्याची नोटीस आली. तिने नकार दिला. तिला पाच दिवसांची कैद व पंचवीस डॉलर दंड अशी शिक्षा झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७७ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल आजीच्या बाजूने लागला. आजी, काका, चुलतभावंडे ह्यांनी एकत्र राहणे ही जुनी व आदरणीय रीत आहे, असे न्यायालयाने मानले. विशेषतः कृष्णवर्णीयांच्या जीवनात ह्या रीतीला किती महत्त्व आहे, हे एका न्यायमूर्तींनी आपल्या स्वतंत्र मतात सांगितले.

त्या देशात निरनिराळ्या वांशिक गटांच्या राहणीत आजही फरक दिसतो. प्यू संशोधन केंद्राने २०२१ च्या लोकसंख्येच्या आकड्यांवरून दिलेल्या माहितीनुसार, अनेक पिढ्या एकत्र असलेल्या घरांत राहणारांचे प्रमाण गौरवर्णीयांत सुमारे १३ टक्के, तर कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांत सुमारे २६ टक्के आणि आशियाई लोकांत सुमारे २४ टक्के होते. हे आकडे वाचून 'आशियाई लोक कुटुंबवत्सल, गोरे लोक एकलकोंडे' असे म्हणण्याचा मोह होतो. पण कारणे तपासली असता ती पाथरीतल्यासारखीच आढळतात. नव्याने आलेल्या स्थलांतरितांना घरभाडे वाटून घ्यावे लागते, मिळकत तुटपुंजी असते, मुले सांभाळावयास माणूस लागतो. गुलामगिरीच्या काळात कृष्णवर्णीयांची कुटुंबे विक्रीने तोडली गेली, तेव्हा नातेवाईक व शेजारी ह्यांनी मुले सांभाळली. पुढे विसाव्या शतकात, साधारणतः १९१६ ते १९७० ह्या काळात, सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिणेकडील शेतमजुरी सोडून उत्तरेच्या कारखान्यांच्या शहरांत गेले. त्यांतील अनेकांनी आपली मुले काही काळ दक्षिणेत आजीजवळ ठेवली. वंश निराळा, खंड निराळा, कोयत्याच्या जागी कारखाना. पण मागे राहिलेल्या घरात माणसे तीच.

म्हणून 'अमुक समाजाची मुले आजीकडेच असतात' किंवा 'तमुक समाजात घरे फुटलेली असतात' असे शेरे वर्गनोंदीत येऊ नयेत. एकाच तांड्यात एक घर तोडीला जाते व शेजारचे जात नाही. एकाच मोहल्ल्यात एक भाऊ सामाईक अंगणात राहतो व दुसरा नव्या वस्तीत भाड्याने राहतो. कारण विचारले तर ते जमिनीत, पाण्यात, उचलीत किंवा आजारपणात सापडते.

विचारावे कसे, हाही प्रश्न आहे. भरवर्गात 'तुझे वडील काय करतात?' असे विचारणे टाळावे. बाप सोडून गेला आहे, आई दुसऱ्या घरी नांदावयास गेली आहे, किंवा दोघेही कर्जापायी बाहेर आहेत, अशा मुलाला हा प्रश्न नकोसा होतो आणि ते खोटे उत्तर देण्यास शिकते. त्याऐवजी 'काल रात्री जेवायला कोण कोण होते?' असा प्रश्न खेळीमेळीने विचारला तर पाच मिनिटांत साऱ्या वर्गाची घरे समजतात, आणि कोणालाही कमीपणा वाटत नाही. परिसर अभ्यासात कुटुंबाचा पाठ येतो तेव्हा आई, बाबा, मुलगा व मुलगी असे चौघांचे चित्र फळ्यावर न काढता, प्रत्येक मुलाने आपल्या घरातील माणसे स्वतः काढावीत. एखाद्याच्या चित्रात आजी, दोन शेळ्या व फोनवर बोलणारी आई असेल. ते चित्र चुकले असे म्हणू नये. नात्यांची नावे मुलांनी आपापल्या बोलीत सांगावी, शिक्षकाने ती फळ्यावर शेजारी शेजारी मांडावी: आजोबा, दादा, आई, अम्मी, याडी. भाषेचा असा पाठ कोणत्याही पुस्तकात आयता मिळणार नाही.

नोंदीच्या बाबतीत नोंदवहीतील विहित रकान्यांत फेरफार करता येत नाही. परंतु वर्गशिक्षकाने स्वतःजवळ एक साधी वही ठेवण्यास कोणाची हरकत नाही. तीत मुलाच्या नावापुढे पुढील गोष्टी असाव्यात: रात्री ते कोणाकडे असते, शाळेचा निरोप कोणी घ्यावयाचा, आई-बाप हंगामात जाणार असल्यास कोणत्या कारखान्याकडे व कोणाच्या टोळीत, आई व बाप ह्या दोघांचेही दूरध्वनी क्रमांक, आणि आजोळ कोणत्या गावी. ही वही दसऱ्याच्या आधी भरून व्हावी, कारण दिवाळीनंतर विचारावयास माणसे गावात राहत नाहीत. वही कपाटात असावी, वर्गात उघडी पडू नये. तीत एखाद्याच्या घरची दुखणी असतात.

मूल आई-बापांबरोबर जाणारच असेल, तर त्याचे शिक्षण हमी पत्रक भरून त्याच्या आईच्या हाती द्यावे; बहुतेक घरांत कागद जपून ठेवण्याचे काम तीच करते. नव्या शाळेला दाखला पोहोचला नाही एवढ्या कारणाने प्रवेश लांबविता येत नाही, असेही तिला सांगून ठेवावे. ह्याच न्यायाने पाथरी परिसरातील कारखान्यांच्या उसासाठी दुसऱ्या जिल्ह्यांतून ज्या टोळ्या येतात, त्यांची कोपीवरील मुले जवळच्या शाळेने दाखल करून घ्यावयाची असतात. त्यांच्या बाबतीतही पहिला प्रश्न तोच विचारावा, आणि गावी मागे राहिलेल्या भावंडांचाही पत्ता लिहून घ्यावा. मार्चमध्ये टोळी हलली म्हणजे तो पत्ता मुलाच्या मूळ शाळेला कळवावा, म्हणजे परत गेलेल्या मुलाची परीक्षा बुडणार नाही.